मनाचे दुखणे आणि फोनवरचा आधार

मंडळी, आजच्या पाठात आधी एक आकडा वाचायला शिकू. आकडा असा आहे : १४४१६. एक, चार, चार, एक, सहा. पाटीवर दोनदा लिहून पाहा.

लिहिलात? आता हाच आकडा मोबाइलवर दाबायचा. इथे मात्र जपून. आपले मराठी आकडे आणि बटणावरचे इंग्रजी आकडे दिसायला निराळे असतात. आपला एक हा थेट इंग्रजी नवासारखा दिसतो. आपला चार इंग्रजी आठासारखा दिसतो. आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एका आजींनी पहिल्या दिवशी वहीतले आकडे पाहून तशाच आकाराची बटणे दाबली. "गुरुजी, ह्यातली बाई म्हनती असा नंबरच न्हाई," असे म्हणून त्या आमच्यावरच रागावल्या. चूक आमची होती. आम्ही वहीतला आकडा शिकवला, बटणावरचा शिकवलाच नाही. म्हणून असे ओळखा. एक म्हणजे नुसती उभी काठी. चार म्हणजे पालथी घातलेली खुर्ची. सहा म्हणजे खाली पोट सुटलेला आकडा. पोट वरच्या बाजूला असेल तर तो नऊ. तो दाबू नका.

हा आकडा कशाचा? हा मनाच्या दुखण्याचा फोन आहे. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी तो सुरू केला. त्याला 'टेलि-मानस' म्हणतात. बंगळूरला निम्हान्स नावाची मनाच्या व मेंदूच्या आजारांची मोठी सरकारी संस्था आहे. या साऱ्या कामावर तिची देखरेख असते. फोन दिवसरात्र चालू असतो. त्याला पैसे पडत नाहीत. फोन लावला की भाषा विचारतात, आणि मराठी निवडता येते. पलीकडे शिकवून तयार केलेला माणूस असतो. तो आधी ऐकून घेतो. गरज पडली तर तो मनोविकाराच्या डॉक्टरशी गाठ घालून देतो.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, हे शहाण्यांच्या काय कामाचं? हे येड्यांचं काम."

इथेच आपली गफलत होते. वेड लागणे एवढेच मनाचे दुखणे, असे आपल्याकडे समजतात. ते खरे नाही. रात्र रात्र डोळा न लागणे, कशात जीव न रमणे, कारण नसता छाती धडधडणे, दारू मिळाली नाही की हात कापणे, ही सारी दुखणी आहेत. बाळंतपणानंतर एखाद्या बाईला सारखे रडू येते, पोटच्या बाळाकडे पाहावेसे वाटत नाही. सासू म्हणते नखरे करते. ते नखरे नसतात. पीक गेले, घरात कोणी वारले, तर मन उदास होणारच. दोनचार दिवस कोणाचेही मन खाली बसते. पण दोन आठवडे उलटले, खाणे सुटले, झोप उडाली, हातचे काम होईना, तर ते दुखणे समजावे आणि जाणत्या माणसाला विचारावे.

यावर दोन तऱ्हांनी उपचार होतात. काही दुखण्यांना गोळ्या लागतात. काहींना बोलण्याचा उपचार लागतो, आणि पुष्कळदा दोन्ही लागतात. बोलण्याचा उपचार म्हणजे पारावरच्या गप्पा नव्हेत. सुताचा गुंता झाला तर आपण काय करतो? ओढत नाही. एक टोक धरतो आणि हळूहळू सोडवतो. तसेच इथे. शिकलेला माणूस तुमच्या मनातला एकेक विचार तुमच्याकडूनच सोडवून घेतो. दर आठवड्याला थोडे काम नेमून देतो. उद्या सकाळी बांधापर्यंत चालून या. परवा एका मित्राला भेटा. ऐकायला सोपे वाटते. पण ज्याला खाटेवरून उठवत नाही, त्याला बांध फार लांब असतो.

हा उपचार करणारी माणसे आपल्या देशात फार थोडी आहेत. २०१५-१६ साली निम्हान्सने देशभर पाहणी केली. तेव्हा १०० प्रौढ माणसांमागे दहा-अकरा जणांना मनाचे काही ना काही दुखणे होते. आणि दुखणे असणाऱ्या १०० जणांपैकी ७० ते ९२ जणांना, जसे दुखणे असेल त्याप्रमाणे, उपचारच मिळत नव्हता. मनोविकाराचे डॉक्टर होते चार लाख माणसांमागे तीन. आपल्या राज्यात सरकारची मोठी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. जिल्ह्याच्या दवाखान्यातही मनोविकाराचे डॉक्टर भेटतात. पण आमच्या गावाहून जिल्ह्याला जायचे तर पहाटेची एस.टी. धरावी लागते. दिवस मोडतो, रोज बुडतो, आणि रांगेत आपल्याच गावचा कोणी दिसला तर तोंड लपवावे लागते.

म्हणून फोनवरून आणि मोबाइलच्या पडद्यावरून उपचार सुरू झाले. यालाच ऑनलाइन उपचार म्हणतात. माणूस आपल्या घरी, डॉक्टर आपल्या दवाखान्यात, आणि मध्ये मोबाइल. तामिळनाडूत तर एका संस्थेने २०१० पासून नामी युक्ती केली. चेन्नईच्या स्कार्फ या संस्थेने पुदुक्कोट्टै भागातल्या खेड्यांत एक बस फिरवली. बसमध्ये पडदा. रुग्ण बसमध्ये बसायचा, आणि चेन्नईचा डॉक्टर पडद्यावर दिसायचा. औषधही बसमध्येच मिळायचे. ज्यांना कित्येक वर्षे डॉक्टर भेटला नव्हता, त्यांच्या दारात डॉक्टर आला.

आता आमच्या अनुभवाची गोष्ट सांगतो. आमचा एक जुना विद्यार्थी आहे. त्याचे नाव सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.

दोनतीन वर्षांमागची गोष्ट. त्याची कपाशी पावसात गेली. कर्ज होतेच. माणूस पारावर यायचा बंद झाला. एका संध्याकाळी त्याची बायको आमच्या दारी आली. हाताला पीठ तसेच होते. म्हणाली, "गुरुजी, हे रातभर अंगणात येरझारा घालत्यात. जेवत न्हाईत. काल मला म्हनले, माझ्यामागं तुमचं बरं चालंल."

आम्ही तसेच उठलो. तो गोठ्यात बसला होता. आम्ही त्याला सरळ विचारले, "अरे, जीव द्यावा असं मनात येतं का?"

मंडळी, असे विचारायला जीभ रेटत नाही. वाटते, आपणच नसते खूळ डोक्यात घालू. पण जाणकार सांगतात की तसे होत नाही. विचारल्याने माणूस मोकळा होतो. तो आधी म्हणाला, "मी काय येडा झालो का, गुरुजी?" मग थोडा वेळ गप्प बसला. मग गुडघ्यात मान घालून रडला. चाळिशीचा गडी, लहान पोरासारखा रडला.

त्याला एकटे सोडायचे नाही एवढे आम्हांला ठाऊक होते. त्याच्या घरात माणसांची दाटी. म्हातारी आई, भाऊ, भावजय, पोरे. तिथे तो काय बोलणार? आम्ही त्याला आमच्या घरी आणले, मागच्या खोलीत बसवले, १४४१६ लावून फोन त्याच्या हाती दिला आणि दार ओढून बाहेर ओट्यावर बसलो. पाऊण तास झाला. तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते, पण खांदे जरा खाली आले होते. म्हणाला, "बाई आपल्याच बोलीत बोलली, गुरुजी. पहिल्यांदा इचारलं, आता मोकळं बोलता येतंय का, जवळ कोन हाय. मग गावाचं नाव इचारलं. घरातल्या एका मानसाचा नंबर मागितला."

गावाचे नाव आणि घरच्याचा नंबर का मागितला, हे त्याला कळले नव्हते. आम्ही समजावले. समोर बसलेला डॉक्टर रुग्णाचा हात धरू शकतो. फोनवरच्या बाईला हात धरता येत नाही. तुझ्या जिवाला काही होऊ लागले तर मदत पाठवायची कुठे? तुझ्यापर्यंत पोचायचे कोणी? ऑनलाइन उपचारातली ही पहिली मोठी अडचण आहे. म्हणून चांगला उपचार करणारा हे आधीच विचारून ठेवतो. खरे गाव सांगावे. लपवू नये.

त्या रात्री त्याची बायको आणि भाऊ आळीपाळीने जागले. पुढे फोनवरूनच त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरकडे जायला सांगितले. तो एकदा जाऊन आला. गोळ्या सुरू झाल्या. नंतरचे बोलणे बरेचसे फोनवर होऊ लागले. दर बुधवारी दुपारी तो आमच्या मागच्या खोलीत येई. एस.टी.चे भाडे वाचले. रोज बुडाला नाही. दीड महिन्यात तो शेतात दिसू लागला.

इथवर ठीक झाले. पुढचे सांगायला आम्हांला लाज वाटते. पण सांगतो.

एके संध्याकाळी आम्ही पारावर बसलो होतो. कोणीतरी विचारले, "गुरुजी, तो बुधवारचा तुमच्याकडं काय करतो हो?" आमच्या तोंडून निघून गेले, "त्याचं मन बरं नाही. फोनवर डॉक्टरशी बोलतो." आम्ही ते चांगल्या मनाने बोललो. वाटले, लोकांना कळेल की असा उपचार आहे. पण चार दिवसांत गावभर झाले. पोरे त्याच्यामागे खुसखुसू लागली. ज्याच्याबरोबर त्याने अर्धेलीने जमीन करायचे ठरवले होते, तो मागे सरला. म्हणाला, "डोकं ठिकाणावर नसलेल्या मानसाबरोबर भागी कशी करू?"

पुढच्या बुधवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही बुधवारी नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो. तो आमच्याशी कधी मान वर करून बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला. "गुरुजी, त्या बाईला मी समदं सांगितलं. तिनं कुणाला न्हाई सांगितलं. तिचं तोंडबी मी पाह्यलं न्हाई. तुम्ही माझे गुरुजी. तुम्ही सांगितलं."

आम्ही हात जोडले. दुसरे काय करणार? तोंडून गेलेला शब्द परत घेता येत नाही. त्याने महिनाभर फोन लावला नाही. गोळ्याही सोडल्या. त्या महिन्यात त्याचे काही बरेवाईट झाले असते तर, हा विचार आजही आमच्या मनात येतो. पुढे त्याच्या बायकोने पुन्हा सुरू करवले. पण आमच्या खोलीत तो आला नाही. तो शेतातल्या आंब्याखाली जाऊन बोलू लागला. भागीदार काही परत आला नाही.

ही गोष्ट एवढ्यासाठी सांगितली की फोनवरच्या उपचारात कसोटी लागते ती इथे. दवाखान्याला भिंती असतात, दार असते. मोबाइलला भिंत नाही. आपणच त्याची भिंत व्हावे लागते.

आपल्याकडे फोन कानाला कोण लावतो? सगळे स्पीकर लावून, फोन तोंडापुढे धरून बोलतात. बाजाराचा भाव विचारायला ते चालेल. मनाचे दुखणे सांगताना स्पीकर बंद करावा. दुसरी गोष्ट. पुष्कळ मोबाइलांत झालेले बोलणे आपोआप साठून राहते. आपल्याला पत्ताही नसतो. नंतर पोरगे खेळायला फोन घेते आणि सारे ऐकते. घरातल्या शिकलेल्या मुलाला सांगून ती सोय बंद करून घ्यावी. का बंद करतो, हे त्याला सांगायची गरज नाही.

बायांची अडचण याहून मोठी आहे. मोबाइल असतो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात. बाईने फोन लावला की विचारतात, कोणाला लावला, कशाला लावला. ज्या बाईला नवऱ्याच्या मारानेच झोप येत नाही, तिने नवऱ्याच्या फोनवरून कसे बोलावे? पलीकडचा माणूस कितीही शहाणा असला तरी दाराआड कोण उभे आहे ते त्याला दिसत नाही. बाई नुसते "बरं आहे, बरं आहे" म्हणत राहते, आणि तो ते खरे मानतो. म्हणून चांगला उपचार करणारा दर वेळी विचारतो, आता मोकळे बोलता येते का? येत नसेल तर सरळ "आता नाही" म्हणावे आणि फोन ठेवावा. त्यात उद्धटपणा नाही. बचत गटाच्या बायांनी मिळून एक साधा फोन ठेवला तर या कामी उपयोगी पडेल, असे आम्हांला वाटते. तो कोणी कशाला नेला हे मात्र वहीत लिहू नये.

कायद्याचे काय? २०१७ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला, आणि २०१८ च्या मे महिन्यापासून तो लागू झाला. या कायद्याने रुग्णाला हक्क दिला की त्याचे दुखणे, त्याचे बोलणे उपचार करणाऱ्याने गुप्त ठेवले पाहिजे. समोर बसून सांगितले काय आणि फोनवर सांगितले काय, सारखेच. याला अपवाद थोडे आहेत. रुग्णाच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, तर वाचवण्यापुरते सांगता येते. ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, त्याच्याबद्दलही हा कायदा बोलतो. त्याच्या मनावर फार मोठा ताण होता असे मानावे, आणि त्याला शिक्षा न करता त्याची काळजी घ्यावी, असे त्यात आहे. आपल्याकडे पोलिसांच्या भीतीने लोक असे प्रसंग झाकतात आणि रुग्णाला डॉक्टरपर्यंत नेत नाहीत. ती भीती धरू नये.

सरकारच्या फोनखेरीज खासगी कंपन्याही हा धंदा करतात. धंदा म्हणजे वाईट असे आम्ही म्हणत नाही. काही ठिकाणी चांगले, शिकलेले लोक आहेत. साध्या उदासीच्या आणि भीतीच्या दुखण्यात, मार्गदर्शक सोबत असेल तर, पडद्यावरचा उपचार जवळजवळ समोरासमोरच्या इतकाच गुण देतो, असेही तपासण्यांत दिसले आहे. पण जिथे लाखो लोकांची गुपिते एका ठिकाणी साठतात, तिथे त्यांवर डोळा ठेवणारेही जमतात. धान्याची कणगी भरली की उंदीर येतातच.

अमेरिकेत बेटरहेल्प नावाची मोठी कंपनी आहे. ती मोबाइलवरून असा उपचार मिळवून देते. लोकांनी तिच्याकडे आपले दुखणे भरून दिले. ते गुप्त राहील असे कंपनीने सांगितले होते. पण तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने ठपका ठेवला की लोकांची माहिती कंपनीने फेसबुकसारख्या जाहिरातवाल्यांना दिली. २०२३ साली कंपनीला ७८ लाख डॉलर भरावे लागले.

फिनलंड देशातली गोष्ट तर अंगावर काटा आणते. वास्तामो नावाची संस्था बोलण्याचा उपचार करी. रुग्ण जे बोलत त्याची टिपणे संगणकात ठेवलेली असत. कुलूप पक्के नव्हते. चोराने ती सारी टिपणे पळवली. ऑक्टोबर २०२० मध्ये एकेका रुग्णाला धमकी येऊ लागली, की पैसे दे, नाहीतर तुझे सारे जगाला दाखवतो. सुमारे ३३ हजार लोकांची ही माहिती होती. काहींची टिपणे खरोखरच उघड झाली. पुढच्या वर्षी संस्थेचे दिवाळे निघाले. त्या रुग्णांनी समोर बसून, बंद खोलीत सांगितले होते. तरी गुपित फुटले ते संगणकातून.

आपल्या देशातही २०२३ साली लोकांची माहिती जपण्याचा कायदा झाला आहे. पण कायदा असला तरी आपण डोळे मिटून अंगठा दाबू नये. मोबाइलवरचे एखादे अ‍ॅप उघडले की ते विचारते, मान्य आहे का? आपण न वाचता 'हो' दाबतो. आता तुम्हांला वाचता येते. वाचा. फोनमधले सगळे नंबर, सगळे फोटो पाहू देता का, असे ते विचारत असेल, तर मनाच्या उपचाराला माझ्या व्याह्याचा नंबर कशाला हवा, असा प्रश्न स्वतःला करा.

आणखी एक नवे आहे. आता मोबाइलमध्ये यंत्रच माणसासारखे बोलते. आपल्या गावची शाळकरी पोरे रात्री त्याच्याशी बोलत बसतात. त्याला सुखदुःख सांगतात. ही गोष्ट वाटते तेवढी नवी नाही. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम नावाच्या प्राध्यापकांनी 'एलायझा' नावाचे यंत्रावरचे संभाषण तयार केले. ते काय करी? तुम्ही म्हणालात, मला वाईट वाटते, की ते विचारी, तुम्हांला वाईट का वाटते? एवढेच. आपलाच शब्द प्रश्न करून परत द्यायचा. त्याला काही कळत नव्हते. पण त्यांच्याच कचेरीतली बाई त्याच्याशी बोलू लागली, आणि थोड्याच वेळात तिने प्राध्यापकांना सांगितले, तुम्ही जरा खोलीबाहेर जा! प्राध्यापक थक्क झाले. आजची यंत्रे पुष्कळ हुशार आहेत. पण त्यांना गोठ्यात बसलेला माणूस दिसत नाही, आणि चुकीचा सल्ला दिला तर जाब कोणाला विचारणार? २५ मार्च २०२० रोजी सरकारने दुरून उपचार करण्याचे नियम काढले. त्यांत स्पष्ट लिहिले आहे की यंत्राने स्वतः रुग्णाला सल्ला देऊ नये, औषध लिहून देऊ नये. ते डॉक्टरला मदत करू शकते. पोरांवर ओरडू नका. पण जवळ बसून विचारा, त्याला काय सांगतोस रे? आणि मलाही सांगशील का?

त्याच नियमांत डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक रुग्णाला दाखवला पाहिजे असे आहे. म्हणून फोनवर कोणी डॉक्टर म्हणवून पैसे मागितले, तर बेधडक विचारावे, आपला नोंदणी क्रमांक काय? खरा डॉक्टर रागावत नाही. मनाच्या आजारांवर बोलण्याचा उपचार करणारे जे मानसशास्त्रज्ञ असतात, त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तीही विचारावी. 'समुपदेशक' अशी नुसती पाटी लावायला मात्र फारसे कोणी अडवत नाही. आठ दिवसांचा वर्ग करून पाटी लावणारेही आहेत. पैसे दिले तर पावती घ्यावी. तीन दिवसांत खात्रीने बरे करतो, असे जो म्हणेल, त्याचा फोन ठेवून द्यावा. नशा आणणाऱ्या काही औषधांची चिठ्ठी फोनवर देऊ नये असाही नियम आहे. म्हणून डॉक्टर म्हणाला, यासाठी समोर या, तर तो टाळतो आहे असे समजू नये. तो नियम पाळतो आहे.

आणि काही वेळा फोनवर भागतच नाही. एखाद्याला नसलेले आवाज ऐकू येतात, तो अंगावर धावतो, त्याने अन्नपाणी सोडले आहे, रोजची दारू एकदम तुटून तो थरथरतो आणि बरळतो, किंवा जीव द्यायला निघाला आहे, तर बोलत बसू नये. घरात शेतीचे औषध असेल तर ते आधी त्याच्या हाताला लागणार नाही असे दूर हलवावे. एक माणूस त्याच्यापाशी ठेवावा. १०८ ला फोन करून गाडी बोलवावी आणि दवाखान्यात न्यावे. एक, शून्य, आठ. इथेही बटणावरचा आठ ओळखून ठेवा. वर एक वाटोळे आणि खाली एक वाटोळे, म्हणजे आठ. एकदा घरीच, फोन न लावता, बटणे शोधून पाहा.

आमचा तो विद्यार्थी आता बरा आहे. वाटेत भेटला तर थांबतो, शेताचे बोलतो. मागच्या दिवाळीत फराळाचे दिले. आधीसारखा मोकळा आमच्याशी होत नाही. ते आम्ही समजून घेतले आहे. हा पाठ छापण्याआधी आम्ही तो त्याला वाचून दाखवला. त्याने दोन ठिकाणे बदलायला सांगितली, म्हणजे ओळख पटू नये. ती बदलली आहेत.

आमची मागची खोली अजून उघडी असते. संध्याकाळी सहा ते आठ कोणीही यावे, दार लावून घ्यावे, बोलावे. आम्ही ओट्यावर रेडिओ मोठा लावून बसतो, म्हणजे आतले काही ऐकू येत नाही. रेंज फक्त खिडकीपाशी येते. खुर्ची तिथेच ठेवली आहे.